'औषधशेती' शब्द चालेल का?

एक शब्द अडलाय. झाडात बाहेरचं जनुक घालून त्याच्याकडून माणसाच्या औषधाचं प्रथिन बनवून घेतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? 'औषधी वनस्पती' लिहिलं की वाचणारा सरळ अडुळसा, अश्वगंधेवर जातो, पण तिथे गुण झाडाचा स्वतःचा असतो आणि इथे तर ते प्रथिन त्या झाडात कधी नव्हतंच. मग 'औषधशेती' केलं आणि दिंडोरीला मामांना वाचून दाखवलं. द्राक्षावरच्या डावनी रोगाचा फवारा संपवून ते फवारणीचा ब्लोअर धूत होते, म्हणाले, "औषध मारल्याशिवाय कोणाची शेती होते गं?" आपल्याकडे द्राक्षवाल्याचं औषध म्हणजे फवारणीचंच, त्यामुळे हा शब्द नाशकात तरी उलटाच पोचणार.

—

ताई, त्यात 'शेती' पण सगळीकडे बसत नाही. गॉशर या दुर्मिळ आनुवंशिक आजारावरचं टॅलिग्लुसरेज अल्फा हे औषध बघा, इस्रायलच्या प्रोटॅलिक्सचं, अमेरिकेत 2012 ला मंजूर झालं, ते गाजराच्या पेशींमध्ये बनतं पण वाफा नाही की ठिबक नाही, नुसत्या पेशी प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्यांत द्रवामध्ये वाढवतात. 'कलमी प्रथिन' कसं वाटतं? द्राक्षात डॉगरीज जातीच्या खुंटावर थॉमसन जातीचं कलम भरतो तसं, मुळं एकाची नि माल दुसऱ्याचा.

—

कलम शब्द गोड आहे पण नको दादा. कलमात दोन्ही झाडं आपापली राहतात, इथे जनुक पेशीच्या आत जातं. आणि कधी कधी तर बियाण्यापर्यंत पोचतही नाही, कॅनडाने फेब्रुवारी 2022 मध्ये मंजूर केलेली कोविडची लस तंबाखूच्या भावकीतल्या बेंथामियानाची होती, त्यात जनुक अॅग्रोबॅक्टेरियम जिवाणूमार्फत वाढलेल्या झाडाच्या पानांत सोडतात आणि थोड्याच दिवसांत पानं काढून प्रथिन वेगळं करतात.

मला 'पीक' शब्दाचीच जास्त भीती वाटते, पीक म्हटलं की खायचं असं मनात येतंच. 2002 ला अमेरिकेत नेब्रास्कामध्ये असंच औषधाचं प्रथिन बनवणाऱ्या मागच्या हंगामातल्या मक्याची रोपं सोयाबीनमध्ये आपसूक उगवली आणि ते सोयाबीन नष्ट करावं लागलं.

म्हणून मी 'औषधप्रथिन' असा जोडशब्द धरतेय, प्रथिन कोणी फवारत नाही. आणि झाडाला वेगळं नाव न देता 'औषधप्रथिन घडवणारा मका', 'औषधप्रथिन घडवणाऱ्या गाजराच्या पेशी' असं पूर्ण लिहायचं, लांब झालं तरी चालेल. काल मामांना परत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे हा मका गुरांना घालायचा नाही, बरोबर?"