२०१४ च्या डेस्कटॉपमधलं काय ठेवू, काय काढू?

नमस्कार मंडळी,

माझा डेस्कटॉप २०१४ साली सुटे भाग आणून जोडलेला. आय५-४५९० प्रोसेसर, बी८५ चिपसेटचा मायक्रो एटीएक्स मदरबोर्ड, डीडीआर३ रॅमच्या ४-४ जीबीच्या दोन पट्ट्या, जीटीएक्स ७५० टीआय कार्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), १ टीबीची हार्ड डिस्क. मधे साटा एसएसडी टाकली तेव्हा मशीन तरुण झाल्यासारखं वाटलं होतं. ते सुख आता ओसरलंय.

गेम खेळत नाही. एक्सेल, ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब आणि अधूनमधून घरच्या व्हिडिओंची कापाकापी, एवढंच काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. माझी चौथी. म्हणजे मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदलणं आलंच. रॅमबद्दल जरा आशा होती, पण डीडीआर३ ची खाचच वेगळ्या जागी असते म्हणे, नव्या बोर्डात बसत नाही. तो विषय संपला.

बाकी सगळं तसंच ठेवायचा विचार आहे. मुलगा म्हणतो, बाबा, सगळंच काढा. चालत्या वस्तू फेकायला माझं मन होत नाही.

अलीकडे व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना मशीन खाडकन बंद पडतं. ना निळा स्क्रीन, ना काही संदेश. प्रोसेसर थकला असावा असा माझा अंदाज. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणजे स्विच बंद करून लावला की घड्याळ दर वेळी मागच्या कुठल्यातरी सालात जाऊन बसतं.

काय ठेवू? जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

घड्याळाचं सोपं आहे. बोर्डावरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी संपलीय.

बंद पडण्यावरून मात्र प्रोसेसरला दोष देऊ नका. तो तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, काम रेंगाळतं. वीज गेल्यासारखं एका क्षणात बंद पडलं तर मी आधी एसएमपीएसकडे बघतो. म्हणजे तुम्ही जो ठेवायला निघालात तोच! त्याच्या लेबलवर +१२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत ते सांगा. ४५० हा मोठ्या अक्षरातला आकडा विसरा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात.

हार्ड डिस्कवर क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा. 'रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स' किंवा 'करंट पेंडिंग' या खराब जागांच्या आकड्यांसमोर शून्याशिवाय काही दिसलं तर आधी डेटा दुसरीकडे हलवा, मग पुढचं बोलू.

प्रतिसाद २

ग्राफिक्स कार्डाचा मोह सोडा. रायझन ५ ५६००जी घ्या किंवा इंटेलचा नावात 'एफ' नसलेला प्रोसेसर घ्या, डिस्प्ले त्यातच असतो आणि तुमच्या कामाला तो पुरतो. शिवाय तुमच्या कार्डाच्या बायोसमध्ये (आतल्या सॉफ्टवेअरमध्ये) यूईएफआयची, म्हणजे मशीन सुरू करण्याच्या नव्या पद्धतीची, सोय नसेल, तर नव्या बोर्डावर सीएसएम (जुन्या पद्धतीचा पर्याय) बंद असताना स्क्रीन काळाच राहील. मी एक अख्खी संध्याकाळ त्यात घालवलीय, बोर्डच मेला समजून.

प्रोसेसरवरचा कूलरही ठेवू नका. तुमच्या सॉकेटच्या भोकांमधलं अंतर ७५ मिमी, इंटेलच्या एलजीए१७०० सॉकेटचं ७८. तीन मिलिमीटरसाठी झटापट होते.

कॅबिनेट बिनधास्त ठेवा. फक्त नवा बोर्ड बसवताना खालचे पितळी स्टँडऑफ (आधाराचे खांब) मोजा. ज्याच्यावर भोक येत नाही असा एखादा तसाच राहिला तर बोर्ड मागून शॉर्ट होतो. एसएसडी चालेल, पण विंडोज नव्यानं टाका. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ११ साठी ती जीपीटी पद्धतीची करावी लागेल.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. काल कॅबिनेट उघडलं. कूलरच्या चार पांढऱ्या पिनांपैकी एक अर्धवट वर आलेली, पंख्याच्या खाली धुळीची अक्षरशः गोधडी. साफ केलं, प्रोसेसर आणि कूलरमधली पेस्ट नवी लावली, पिना टकटक वाजेपर्यंत दाबल्या. एक्स्पोर्ट करताना तापमान ९७ वरून ६८ वर आलं. खूश झालो आणि दहाव्या मिनिटाला मशीन पुन्हा बंद.

मग एसएमपीएसचं लेबल वाचलं. +१२ व्होल्टसमोर १८ अँपिअर. म्हणजे २१६ वॅट! ४५० कुठून आणले देव जाणे. मित्राचा एसएमपीएस उसना आणून लावला, तर तोच व्हिडिओ सलग दोनदा एक्स्पोर्ट झाला.

हार्ड डिस्कवर पेंडिंग ८ दाखवतोय. फोटो हलवायला घेतलेत.

प्रतिसाद १

मग एसएमपीएस आत्ताच नवा घ्या, बाकीचं महिन्या-दोन महिन्यांनी. तो पुढच्या बोर्डालाही चालेल. घेताना प्रोसेसरसाठी ४+४ पिनांची केबल आहे ना ते बघा. जुन्यांना बऱ्याचदा फक्त चारचीच असते. आणि मॉड्युलर (केबल सुट्या निघणारा) घेतलात तर त्याच्याच केबल वापरा. टोकं सारखी दिसली तरी दुसऱ्या कंपनीच्या केबलमध्ये पिनांची मांडणी वेगळी असू शकते. ड्राइव्ह जळतात.

मूळ प्रश्नकर्ता

घेतो. मुलाला अजून सांगितलं नाहीये की त्याचं अर्धं बरोबर निघालं. एक राहिलं, कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीची वायर नऊ पिनांची आहे. नव्या बोर्डावर ती लागेल का?

प्रतिसाद २

लागेल. ती यूएसबी २.० ची, नव्या बोर्डांवरही तिची जागा असते.