घामाचं सोडा, पावसाचं बोला

वर कुणीतरी लिहिलंय की सायकलनं कामाला गेलं तर घामानं भिजून पोचतो. अहो आपलं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, सकाळी आठला कसला घाम की! मी शहापूरहून उद्यमबागच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातो, अनगोळचं चौथं रेल्वे गेट ओलांडून, वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि गेट पडलेलं असलं तर मालगाडीचे डबे मोजत अजून पाच-सात, पण गाडीवालेपण तिथंच हॉर्न वाजवत अडकलेले असतात.

खरा त्रास जून ते सप्टेंबर. रेनकोटच्या आत नुसती वाफ, बाहेरून कोरडा आतून ओला, म्हणून मी तो घालायचंच सोडलंय, कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेतो आणि वर्कशॉपमधे जाऊन बदलतो. चेन मात्र दोन दिवसात तांबडी होते, मग प्रत्येक कडीवर ऑईलचा एकेक थेंब टाकून पेडल उलटं फिरवायचं आणि जास्तीचं फडक्यानं पुसायचं, नाही पुसलं तर धूळ चिकटून कुरकुर सुरू. आणि बिनमडगार्डची फॅन्सी सायकल घेऊ नका हं, पाठीवर मधोमध चिखलाचा पट्टा उठतो, आमच्यातला एकजण तसाच साहेबाच्या केबिनमधे जाऊन आला बिचारा.