पी०४२० कोड येतोय: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलाय की दुसरंच काही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी २०१४ची, बीएस४ पेट्रोल, ८६ हजार किमी. मी लोकलवाला, त्यामुळे गाडीचं काम म्हणजे घर ते कांदिवली स्टेशन, मंडई, मुलीचा क्लास. एरवी दोन-तीन किलोमीटरच्या वर सहसा जात नाही.

तीन आठवड्यांपूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला. ब्लूटूथवाला स्कॅनर लावला तर पी०४२०, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा, सायलेन्सरच्या नळीतला डबा, थोडक्यात ‘कॅट’) नीट काम करत नसल्याचा कोड. कोड पुसला की सव्वाशे-दीडशे किलोमीटरनी पुन्हा हजर. गॅरेजवाल्याने गाडी लिफ्टवर न चढवताच निकाल दिला: कॅट गेला, नवीन टाका, ४० हजारांच्या घरात. नाहीतर दीड हजारात आतली जाळी फोडून देतो म्हणे! ते करणार नाही, आधीच सांगतो.

पिकअप ठीक आहे, गेल्याच महिन्यात खंडाळ्याचा घाट कुरकुर न करता चढली. खालून खडखड नाही. सिग्नलला कधीकधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. पीयूसीत पास, पण सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.१४ टक्के आलाय (मर्यादा ०.३), गेल्या वर्षी ०.०३ होता.

एक कबुली: गेल्या पावसाळ्यात एक इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) गेली होती आणि मी आठवडाभर गाडी तशीच थरथरत चालवली. शिवाय दर ५ हजार किमीला अर्धा लिटर ऑइल वर घालावं लागतं. जाळी खरंच मेली असेल तर यातल्या कशाने? ते कळल्याशिवाय नवीन टाकला तर तोही त्याच वाटेने जायचा.

प्रतिसाद १

आठवडाभर मिसफायर (एका सिलिंडरमध्ये ठिणगीच नाही) म्हणजे न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये. ते तिथे जळतं आणि जाळी वितळू शकते. ऑइलमधला फॉस्फरस जाळीवरच्या प्लॅटिनम-पॅलेडियमवर थर धरतो, ते मरण सावकाश. पण तुम्ही लगेच सुतकात बसू नका.

गाडी वीसेक मिनिटं हायवेवर पळवा, मग २,५०० आरपीएमवर धरून स्कॅनरवर मागच्या ऑक्सिजन सेन्सरचा आलेख बघा (एक सेन्सर कॅटच्या पुढे असतो, एक मागे). पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्ट नाचणारच. मागचा ०.६-०.७ला जवळपास सपाट असेल तर कॅट काम करतोय. मागचाही पुढच्यासारखाच नाचत असेल तर कॅटवर संशय. पण तरीही आधी लीक बघा: मागच्या सेन्सरच्या अलीकडे जोड सैल असला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि हाच कोड येतो. थंड गाडी चालू करा, सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबा, जोडांवर साबणाचं पाणी मारा. कॅटवर रबरी हातोडीने टिचकीही मारा, जाळी तुटली असेल तर खुळखुळेल.

पीयूसी पास म्हणजे कॅट धडधाकट, असं समजू नका.

धागाकर्ता

रविवारी केलं. मागचा सेन्सर नाचतोय, पण पुढच्याइतका नाही, ०.३ ते ०.७. खुळखुळ नाही. मात्र कॅटच्या पुढच्या फ्लँजवर (नळीच्या बोल्टवाल्या जोडावर) चांगले टपोरे बुडबुडे आले, जोडातलं गॅस्केट (सील) जळून काळं पडलेलं. ते बदललं, ४५० रुपये मजुरीसकट. कोड पुसून ९० किमी झालेत, दिवा बंद आहे. दीडशे ओलांडले की इथेच कळवतो. ऑइल कुठे जातंय ते शोधायला कॉम्प्रेशन टेस्टपासून (सिलिंडर दाब धरतात का ते बघण्यापासून) सुरुवात करू की आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातली ऑइलची वाफ परत इनटेकमध्ये सोडणारा) बघू?