व्यसनापासून दूर राहण्यासाठी शाळेने मुलांना नेमके काय शिकवावे?

प्रश्न : चोपडा तालुक्यातील एक पालक

माझा मुलगा आठवीत आहे. त्याच्या शाळेत 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिनानिमित्त प्रभातफेरी निघाली, शपथ झाली आणि तोंडाच्या कर्करोगाची छायाचित्रे दाखवणारे व्याख्यानही झाले. शिक्षकांनी हे सर्व मनापासून केले होते. त्या रात्री जेवताना मुलाने विचारले, "पप्पा, मधल्या सुट्टीत दहावीची मुले सुपारीची पुडी पुढे करतात आणि घेतली नाही तर क्रिकेटमध्ये घेत नाहीत. तेव्हा काय म्हणायचे?" शपथेत याचे उत्तर नव्हते. शाळेने याबाबत काय शिकवावे आणि घरी आम्ही काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : अमळनेर येथील निवृत्त शिक्षक

भाऊ, तुमच्या मुलाने जे विचारले, त्यापासूनच हा पाठ सुरू व्हायला हवा. भीती दाखवणारे व्याख्यान ऐकून मुले चार दिवस धास्तावतात आणि मग ओट्यावर बसून तंबाखू मळणारे ठणठणीत आजोबा पाहून ते विसरूनही जातात. अमेरिकेत 1983 मध्ये लॉस एंजेलिस येथे 'डेअर' नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात गणवेशातील पोलीस वर्गावर येऊन शिकवत असत. तो देशभर लोकप्रिय झाला, परंतु पुढे झालेल्या अभ्यासांत मुलांच्या वागण्यावर त्याचा टिकाऊ परिणाम दिसला नाही आणि अखेर तो अभ्यासक्रम बदलावा लागला.

नकार देणे हे पोहण्यासारखे आहे, काठावरून सांगून ते येत नाही. म्हणून वर्गात दोन मुलांना समोर उभे करावे, एकाने आग्रह करावा, दुसऱ्याने नाही म्हणावे आणि हे त्यांच्या रोजच्या बोलीत व्हावे, कारण पुडी पुढे करणारा मुलगा प्रमाण मराठीत बोलत नाही, तो "ले ना भो, काय व्हस?" असेच म्हणतो. त्यावर लांबलचक कारणे देणारा मुलगा वादात अडकतो आणि हरतो, असे मी वर्गात वारंवार पाहिले आहे. "मला नको. बॅटिंग कोणाची आहे?" एवढे म्हणून विषय बदलणारा मुलगा मात्र सहज सुटतो.

"सगळेच खातात" हा समजही वर्गातच दूर करायला हवा. 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात 13 ते 15 वयोगटातील 8.5 टक्के विद्यार्थी तंबाखूचे सेवन करणारे आढळले, म्हणजे शंभरातील एक्याण्णव मुले त्यापासून दूर होती. खाणारी मुले उठून दिसतात, न खाणारी दिसत नाहीत, म्हणून आपण एकटे पडलो असे मुलाला वाटते.

उत्तर : धुळे येथील दंतवैद्य

मूळ प्रश्नात सुपारीचा उल्लेख आहे, त्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. "तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे" असे मुले सांगतात आणि पालकही निर्धास्त होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे, मग ती तंबाखूविरहित का असेना. सुपारीने तोंडाच्या आतील अस्तर हळूहळू कडक होते आणि तोंड उघडणे कमी होत जाते. रोज शेवभाजी आवडीने खाणारा मुलगा अचानक तोंडाची आग होते म्हणू लागला, तर त्याला स्वतःची तीन बोटे एकावर एक धरून समोरच्या दातांमध्ये घालायला सांगावे. बोटे जात नसतील तर तपासणीस विलंब करू नये, कारण सुपारी थांबवल्यास आजार पुढे जाणे रोखता येते, मात्र एकदा आलेला ताठरपणा पूर्णपणे जात नाही.

उत्तर : शहादा येथील एक आई

दादा, घराविषयी मी सांगते. आपल्याकडे "जा रे, टपरीवरून पुडी घेऊन ये" हे वाक्य ज्या मुलाने लहानपणापासून ऐकले आहे, त्याला पुडीची भीती कशी वाटेल? शिवाय मोठ्यांना नाही म्हणायचे नसते, हेही आपणच शिकवतो आणि दहावीची मुले त्याच्या दृष्टीने मोठीच असतात. आमच्या घरी सासऱ्यांना विनंती केली, तेव्हापासून ते स्वतः जाऊन आणतात.

2003 च्या कायद्यानुसार 18 वर्षांखालील व्यक्तीला तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत विक्रीही करता येत नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 77 खाली मुलाला असे पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. ते एकत्र जाऊन टपरीवाल्याशी बोलले तर एकट्यादुकट्यावर रोष येत नाही.

मूळ प्रश्नकर्ते

सर्वांचे आभार. मुलाचा जवळचा मित्रच आता खाऊ लागला आहे. त्याची संगत सोडायला सांगावे का?

उत्तर : अमळनेर येथील निवृत्त शिक्षक

मैत्री तोडायला सांगू नये, तो मित्र एकटा पडला की त्या मोठ्या मुलांकडेच जाईल. खेळ, अभ्यास, घरी येणे चालू ठेवावे, फक्त पुडी निघाली की उठून यायचे, हे मुलाशी ठरवून घ्यावे. विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगणे म्हणजे चहाडी नव्हे, हेही त्याला समजावावे. मित्राच्या पालकांना व्यसनमुक्तीसाठीचा 14446 हा निःशुल्क राष्ट्रीय क्रमांक द्यावा. वर्गशिक्षकांकडे मित्राचे नाव सांगण्यापूर्वी मात्र शाळा त्या मुलाचे पुढे काय करणार आहे, ते आधी विचारून घ्या. समुपदेशन होणार असेल तर नाव सांगा, दाखला हातात देणार असतील तर आधी मुख्याध्यापकांना भेटा.