जीलाँगची वखार वाचली म्हणे!

कैचीवाला:
काल इथे एका पोस्टमध्ये जीलाँगच्या नॅशनल वूल म्युझियमचे फोटो आले. खाली मजकूर असा: "ऑस्ट्रेलियाने बंदरातली लोकरीची वखार जपली, आपण गिरण्यांचे मॉल केले. शिका." फोटो सुरेख आहेत, इतिहास अर्धा आहे. डेनिस लॅसेल्स या लोकर-कंपनीची ती काळ्या दगडाची इमारत १८७२ची, म्युझियम १९८८चं. ठीक. पण त्याच कंपनीची शेजारची काँक्रीटची वखार १९९० साली जमीनदोस्त केली, तीही वारसा यादीत असताना. एडवर्ड जाइल्स स्टोन या इंजिनिअरने १९१०च्या सुमारास ती बांधली. प्रबलित (आत सळया असलेल्या) काँक्रीटच्या धनुष्याकृती कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे सांगाडे, ५० मीटरहून जास्त गाळा (दोन टेकूंमधलं अंतर), मध्ये एकही खांब नाही. वर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर. दगडी भिंती जगभर सापडतील, असं छप्पर दाखवा कुठे आहे ते.

भटक्या_मेलबर्न:
पोस्ट माझीच. समुद्राकाठचं ऐंशी वर्षांचं काँक्रीट, ते पडायची वाट बघायची होती का? शिवाय डाल्जेटी या दुसऱ्या कंपनीची लोकरीची वखारही राहिली, १९९६पासून तिथे डीकिन विद्यापीठ आहे. दोन वाचल्या, एक गेली. मुंबईपेक्षा बरंच. आणि खांब नसण्याचं एवढं कौतुक कशाला? गासड्या खांबांमध्येही रचता येतात.

कैचीवाला:
रचायला येतात, दाखवायला येत नाहीत. वरचा मजला साठवणीचा नव्हताच. लिलावाआधी प्रत्येक लॉटमधल्या काही गासड्या तिथे ओळीने मांडायच्या, तोंड उसवायचं. खरेदीदार मूठभर लोकर उपसणार, बटा ताणून ताकद बघणार, पांढरेपणा, कुरळेपणा, कुसळं बघणार आणि धुतल्यावर किती उरेल याचा टक्का वहीत टिपणार. तो अंदाज दोन टक्क्यांनी चुकला तरी नफा गेला. खांबाची सावली पडली की पिवळट लोकर कुठली आणि पांढरी कुठली ते कळत नाही. म्हणून छपराच्या काचा दक्षिणेकडे.

गिरणगावकर:
काचा उत्तरेकडे असतात, साहेब. परळ-लालबागच्या जुन्या विणकाम शेड बघा. आणि गिरण्यांचं नाव काढलंच आहे तर, १९९१च्या नियमात एक तृतीयांश जमीन पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला होती. २००१मध्ये हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता केला, २००६मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो मान्य केला. त्यावर धागा काढा ना कुणीतरी! आपल्याला जीलाँगचं दुःख.

सळई_सिमेंट:
गिरणगावकर, तिकडे सूर्य उत्तरेकडून जातो. थेट ऊन टाळायचं तर काच दक्षिणेलाच. हा एक मुद्दा कैचीवाल्यांना देऊन टाकला, टाळ्या.
आता पुढचं. धनुष्याकृती कैचीत कमान दाबाखाली असते, तिला काँक्रीट उत्तम. पण कमानीची दोन टोकं बाहेर फाकू नयेत म्हणून खालचा आडवा ताण-दांडा लागतो. तिथे काँक्रीट नुसतं पांघरूण, सगळा ताण सळयांवर. त्याला बारीक तडे जाणारच. त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि खारी हवा आत, काँक्रीटचा सामू (पीएच) साडेबारावरून नऊच्या खाली, मग सळईचं संरक्षण संपलं. गंज लोखंडाच्या कितीतरी पट फुगतो, पोपडे उडतात. दात्यांच्या मधल्या पन्हळी तुंबल्या की पाणीही तिथेच झिरपतं. ठिगळं लावून ताण-दांडा वाचत नाही.

कैचीवाला:
ठिगळं कोण म्हणालं? आधी हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो त्यावर खुणा करायच्या. ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलीन हे सामू दाखवणारं रसायन फवारायचं. गुलाबी झालं तर शाबूत, रंग आला नाही तर गेलेलं. मग सळईच्या मागेही वीसेक मिलिमीटर मोकळं करायचं, कारण अर्धी सळई जुन्यात आणि अर्धी नव्यात राहिली की शेजारी पुन्हा गंज चढतो. वाळूच्या माऱ्याने साफ, जस्ताचा लेप, पॉलिमर घातलेला मसाला. तुमचा ताण-दांडा? दोन्ही बाजूंनी बाहेरून पोलादी दांडे टाकून ताणायचे, जुन्यावरचा भार काढून घ्यायचा. १९९०मध्ये हे सगळं ठाऊक होतं.

सळई_सिमेंट:
ठाऊक होतं आणि परवडत होतं या दोन वेगळ्या गोष्टी! ते दांडे बांधणार कुठे? टोकाच्या सांध्यातच ना? तिथेच सळयांची सर्वात जास्त गर्दी आणि तिथेच सर्वात वाईट ओतकाम, कारण तेव्हा काँक्रीट व्हायब्रेटरने नव्हे, हाताने खुपसून बसवायचे. आधी ते सांधे फोडा. तोवर प्रत्येक कैचीला टेकू, आणि टेकू खालच्या मजल्यांतून थेट जमिनीपर्यंत. दांडे खेचताना एक बाजू जास्त ताणली गेली की कैची वाकडी.

कैचीवाला:
म्हणून जॅक जोडीने लावतात आणि टप्प्याटप्प्याने ताण चढवतात. खालचे मजले गासड्यांच्या थप्प्यांचं वजन पेलायला बांधलेले, टेकू काय जड आहेत त्यांना? "जमत नाही" असं म्हणू नका, "करायचं नव्हतं" म्हणा.

भटक्या_मेलबर्न:
मी म्युझियमचे फोटो टाकले होते. तुम्ही दोघं टेंडर भरताय.

लोकरदलाल:
दोघेही गंजावर भांडताय. तो मजला मेला प्रयोगशाळेमुळे. सत्तरच्या दशकात तिकडे नमुन्यावर विक्री सुरू झाली. गासडीत नळी घुसवून गाभ्यातली लोकर काढायची, धुवून-वाळवून उतारा (किती लोकर उरते ते), कुसळांचं प्रमाण आणि तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची. दुसऱ्या यंत्राने बटा ओढून खोक्यात ठेवायच्या, खरेदीदार फक्त खोकं बघणार. शेकडो गासड्या मांडायची गरज संपली. मग गावाबाहेर ट्रक लागेल अशी एकमजली पत्र्याची शेड स्वस्त. बंदराजवळच्या बहुमजली वखारीत गासडी वर चढवायची, उतरवायची, जहाजासाठी दाबून पट्ट्या मारायच्या, सगळी मजुरी फुकट.
आणि एक: लोकर आपल्या बंगालच्या तागाच्या पोत्यांत भरायचे. त्याचे धागे लोकरीत शिरले की रंगवलेल्या कापडावर फिके ठिपके, वेचायला बायका बसवाव्या लागत. त्यावर कुणी बोलत नाही.

गिरणगावकर:
म्हणजे धंदा गेला म्हणून इमारत पाडली. आमच्याकडे वेगळं काय झालं मग?

कैचीवाला:
धंदा तर १८७२च्या दगडी इमारतीतलाही गेला होता. तिला म्युझियम मिळालं, तिथे आता १९१०चा ॲक्समिन्स्टर गालिच्याचा माग चालवून दाखवतात. शेजारी त्याच काळातलं छप्पर होतं, त्याच्या जागी अपघात-विमा आयोगाचं कार्यालय. फोटोत डाव्या कोपऱ्यात दिसतंय तेच, भटक्यासाहेब.

सळई_सिमेंट:
पण त्या सांध्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.