वळवात लाईट गेली, हिशेब पुन्हा अडकला

खजिनदार, ए-२०२: काल वळवात लाईट गेली आणि ऑफिसातलं हिशेबाचं विंडोज परत दुरुस्तीत अडकलंय. महिन्यात तिसऱ्यांदा. पावत्या परत कोण चढवणार? ३१ जुलैच्या आत ऑडिट व्हायला हवं.

बी-३०४: यूपीएसची बॅटरी बदला. गणपतीपासून सांगतोय.

सी-१०१: काका, बॅटरी संपली नव्हती. वॉचमननं बटण दाबून नीट बंद केलं. पण बंद झालं ते वरचं लिनक्स, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य सिस्टीम. आतली दोन व्हर्च्युअल मशीन (त्याच कॉम्प्युटरच्या आत चालणारे वेगळे कॉम्प्युटर समजा), हिशेबाचं विंडोज आणि कॅमेऱ्याचं, त्यांना कुणी सांगितलंच नाही. त्यांची वायरच उपटली म्हणा.

खजिनदार: मग बसवतानाच का नाही केलंस?

ए-४०१ काकू: पोरानं परीक्षा सांभाळून फुकट करून दिलंय. जरा बघून बोला की ओ.

खजिनदार: वहिनी, ताळेबंदावर सही माझी असते.

डी-२०३: लाईट येईपर्यंत ऑफिसात भडंग ठेवा 😀

ए-१०३: पार्किंगचा दिवा पण बंद आहे. गेल्या मीटिंगला बोललो होतो.

सेक्रेटरी: कृपया विषयावर या. उपाय काय?

सी-१०१: लिबव्हर्ट-गेस्ट्स नावाची सर्व्हिस चालू करायची. मग वरचं मशीन आधी आतल्यांना बंद करतं, थांबतं, मग स्वतः बंद होतं. पण ती एकेकाला बंद करते. प्रत्येकाला ३०० सेकंद ठेवले तर दोघांची १० मिनिटं, आपला यूपीएस टिकतो ८. म्हणून दोन्ही एकदम, १२० सेकंदांत. विंडोजमध्ये गेस्ट एजंटही टाकतो, म्हणजे वरच्या मशीनचा निरोप ऐकणारा छोटा प्रोग्रॅम, नाहीतर कधी कधी ते बंद व्हायचा इशारा घेतच नाही.

बी-३०४: म्हणजे मोठी बॅटरी घेतली की १० मिनिटं मिळतील. मी तेच म्हणतोय.

सी-१०१: घ्या की काका. पण रात्री ऑफिसला कुलूप असतं, बटण कोण दाबणार? यूपीएसची यूएसबी वायर जोडून नट हे सॉफ्टवेअर टाकलं, की बॅटरी उतरताना मशीन आपोआप बंद होईल.

खजिनदार: आज रात्री कर. माझ्यासमोर.

सी-१०१: ९ ला येतो. आधी हिशेबाची कॉपी काढून ठेवा.

खजिनदार: (९.५०) मेन स्विच मीच पाडला. दोन्ही नीट बंद झाली, हिशेब उघडला. सकाळचं बोलणं मनावर घेऊ नकोस. पावत्या चढवायला रविवारी कोण येतंय?

बी-३०४: बॅटरीचं काय ठरलं?