पूर ओसरला की संग्रहालयात आधी कोणी शिरायचं?

कृष्णाकाठचा: २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. ओसरल्यावर मी एका छोट्या वाचनालयात चिखल उपसायला होतो. उत्साह दांडगा, अक्कल शून्य. ओली पुस्तकं गच्चीवर उन्हात टाकली. पुठ्ठे पापडासारखे वळले, गुळगुळीत कागदाच्या दिवाळी अंकांची तर वीट झाली, पान सुटेना. माझं म्हणणं, जाणकार येईपर्यंत दाराला कुलूप. वाचनालय असो की संग्रहालय.

तळघर: कुलूप लावून बसा, दोन दिवसांत बुरशी हजर. आणि रस्ते बंद असताना जाणकार येणार कुठून? ४ नोव्हेंबर १९६६ ला आर्नो नदी इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये शिरली, तेव्हा तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयातून पोरापोरींनीच साखळी करून हातोहात पुस्तकं वर काढली. 'चिखलातले देवदूत' म्हणतात त्यांना.

कृष्णाकाठचा: पुढे त्यातली बरीच तंबाखूच्या भट्ट्यांत वाळवली, तेही सांगा की. चर्मपत्र तापलं की आकसतं.

पोथीवाली: तुम्ही दोघं वाळवण्यावरच अडलात. (माझं रोजचं काम हेच, म्हणून राहवेना.) मिटलेलं ओलं पुस्तक मिटलेलंच राहू द्या, पानं उघडून पुसू नका. गोठवा. बुरशी थांबते, मग सहा महिन्यांनी का होईना, एकेक काढा. कुलूप नको, पण दारात एक माणूस हवा: फोटो काढायचा, कुठल्या कपाटातलं त्याची चिठ्ठी करायची. चिठ्ठी पेन्सिलीनं, शाई फुटते.

तासगावकर: आमच्याकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेजं आहेत की!

पोथीवाली: बेदाणा गोठवत नाहीत, नुसता गार ठेवतात. तरी बुरशी मंदावेल, चार दिवस हाताशी येतील. आइस्क्रीमवाला मिळाला तर सोन्याहून पिवळं. फक्त काचेच्या निगेटिव्ह आणि लाकडी फळीवरची चित्रं त्यात घालू नका.

तळघर: गटारात भिजलेली पुस्तकं मालक मालाशेजारी ठेवू देईल?

पोथीवाली: पुरात विचारलं तर नाहीच देणार. एप्रिलमध्ये जाऊन वेगळी खोली ठरवून ठेवा.

कृष्णाकाठचा: बरं, कुलूप मागे घेतो. पण गमबूट-हातमोजे नसलेल्याला दारातूनच परत पाठवणार. आमच्या चिखलात मैला होता. फ्लॉरेन्सच्या चिखलात तर घरं तापवायचं तेल मिसळलेलं. लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती आम्हाला काम झाल्यावर आठवली.

तळघर: परत कशाला? चपलेवर आलेल्यांना कोरड्या जिन्यात चिठ्ठ्या लिहायला बसवा.